रोज रात्री रीस्टार्ट? मग लीक सापडणार कशी?

भाच्याने मध्यंतरी एक फॉरवर्ड पाठवलं, ‘मेमरी लीक ओळखा पाच मिनिटांत’. लीक म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी काम झाल्यावरही न सोडणं. त्यातले चार मुद्दे असे: मेमरीचा आलेख चढला की लीक समजा, जावा भाषेत नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर असतो, तिथे लीक होतच नाही, लिनक्सवर फ्री मेमरी कमी दिसली की कॅशे रिकामी करा, आणि रामबाण उपाय, रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करा. एरवी वाचून सोडून दिलं असतं. पण हा पठ्ठ्या रीस्टार्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) टाकून मोकळा झाला होता.

कॅशेचं म्हणणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. पडून असलेली रॅम लिनक्स फायलींच्या कॅशेला देतो आणि कुणाला लागली की काढून घेतो. ‘फ्री’ सोडा, ‘अव्हेलेबल’ बघा. २०१४ पासून कर्नल तो आकडा स्वतःच देतो.

जावात लीक होत नाही म्हणे! मग रोज रात्री रीस्टार्ट कशाला? कलेक्टर फक्त बेवारस माल उचलतो, म्हणजे ज्याच्यापर्यंत प्रोग्राम आता पोचूच शकत नाही तो. स्टॅटिक मॅपमध्ये (प्रोग्राम चालू आहे तोवर टिकणाऱ्या यादीत) सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्यांच्या नोंदी, टाकत गेलात आणि काढलीच नाहीत, तर त्याच्या लेखी ती वापरातलीच.

चढता आलेख म्हणजे लीक, हे अर्धं खरं. जावाच्या हीपचा, म्हणजे प्रोग्राम आपला डेटा जिथे ठेवतो त्या मेमरीचा, आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो: चढतो, सफाई झाली की धाडकन पडतो. दात्यांची टोकं बघून घाबरू नका, तळ बघा. प्रत्येक पूर्ण सफाईनंतरचा तळ आधीच्यापेक्षा वर सरकत असेल, आणि हे बराच काळ चालू असेल, तर संशय घ्या. लिनक्सच्या ‘टॉप’ कमांडमधला मेमरीचा आकडा सपाट दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका. जावा चालवणारा प्रोग्राम, जेव्हीएम, एकदा घेतलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला सहजी परत करत नाही.

आता तो रामबाण. लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसची गाड्या पाठवणारी संगणक यंत्रणा ४ नोव्हेंबर १९९२ ला पहाटे दोननंतर मंदावली आणि मग ठप्प झाली. १९९३ च्या चौकशी अहवालात कारण दिलंय: तीनेक आठवड्यांपूर्वी कोडचा एक तुकडा चुकून आत राहिला होता. प्रत्येक गाडी रवाना करताना तो सर्व्हरची थोडीशी मेमरी घ्यायचा आणि सोडायचा नाही. थोडं थोडं करत सगळी संपली.

मान्य, रोज रीस्टार्ट केलं असतं तर बहुधा त्या रात्री ती पडली नसती. पण नीट वाचा: गळती घड्याळावर नव्हती, दर गाडीमागे होती. काम दसपट झालं की मेमरी दसपट वेगाने संपणार, मग रात्रीची वाट कोण बघतो? शिवाय रोज आलेख शून्यावर आणलात तर चढ दिसायला जागाच उरत नाही. सी-सी++ वाल्यांचं मेमरी मोजायचं साधन मॅसिफ तर वेगळं सांगितल्याशिवाय आडव्या अक्षावर घड्याळ घेत नाही; प्रोसेसरने किती सूचना चालवल्या ते घेतं.

भाच्याला क्रॉनची ओळ काढायला लावली आणि आडव्या अक्षावर वेळेऐवजी रिक्वेस्टची संख्या घ्यायला सांगितली. चार दिवसांनी चित्र आलं. तळाचे ठिपके जवळपास एका सरळ रेषेत वर चाललेले, रविवारी रिक्वेस्ट थोड्या, म्हणून सगळे एकाच जागी गर्दी करून बसलेले. दोन हीप डंप (मेमरीत त्या क्षणी काय होतं त्याच्या नकला) शेजारी ठेवले, तर फुगलेला एकच मॅप होता. त्यात सेशन. लॉगआउट न करता टॅब बंद करणाऱ्यांची.

“मामा, पण फॉरवर्डमध्ये...” म्हणाला. मी फोन ठेवला.