मनगटावरचा रणगाडा बंद पडतो तेव्हा

साधं घड्याळ बंद पडलं तर त्यात लाजिरवाणं काही नसतं. कोपऱ्यावरच्या दुकानात सेल बदलला, विषय संपला. पण ज्याच्या खोक्यावर चिखल, बर्फ आणि एक दाढीवाला गिर्यारोहक छापलेला असतो, असं रगेड, म्हणजे दणकट म्हणून विकलेलं, स्मार्टवॉच घरातल्या सोफ्यावर, पंख्याखाली, कुणीही हात न लावता बंद पडतं, तेव्हा सांगायचं काय आणि कुणाला? काळी काच, जाडजूड कडा, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. त्या स्क्रूंचंही आधीच सांगून टाकतो: पुष्कळ मॉडेलांत ते शोभेचे असतात. पेचकस घेऊन बसलेल्या भाच्याला तेवढ्यासाठी तरी आवरा.

आता त्या खोक्यावरच्या लष्करी शिक्क्याबद्दल. मिल-एसटीडी-810 हे अमेरिकी लष्कराचं मानक 1962 सालचं. त्याच्या 810-जी आवृत्तीतली आपटण्याची चाचणी प्रसिद्ध आहे. 122 सेंटीमीटरवरून 26 वेळा पाडायचं: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. ऐकून छाती फुगते. पण खालची जमीन प्लायवूडची असते, आणि ते 26 आपटे पाच नगांत वाटून घ्यायची मुभाही असते. शिवाय मानकात चाचण्या ढीगभर असल्या तरी त्यांतल्या कुठल्या करायच्या हे कंपनीच ठरवते. म्हणजे पेपर काढणार मी, सोडवणार मी, आणि ‘उत्तीर्ण’ असंही मीच लिहिणार. 1983 साली कॅसिओचं पहिलं जी-शॉक घड्याळ आलं, तेव्हा ते बनवणारे अभियंते किकुओ इबे यांनी तीन दहांचं ध्येय ठेवलं होतं: 10 मीटरवरून पडलं तरी चालावं, 10 बार पाण्याचा दाब सोसावा आणि सेल 10 वर्षं टिकावा. आजच्या कंपन्यांनी पहिले दोन दहा जाहिरातीला घेतले. तिसरा घसरत घसरत दहा दिवसांवर आला.

असो. मयत घोषित करण्याआधी नाडी बघावी. घड्याळ कानाशी धरून बटण दाबा. बारीकशी घुर्र ऐकू आली तर ते जिवंत आहे, फक्त पडदा गेलाय. फोनच्या ॲपमधून ‘घड्याळ शोधा’ करून बघा. काचेवर टॉर्च तिरपा मारा, अगदी अंधुक आकडे दिसले तर ब्राइटनेस शून्यावर आहे किंवा पडद्याचा दिवा मेलाय. सिनेमा बघताना चालू केलेला, पडदा काळा ठेवणारा थिएटर मोड तीन दिवस तसाच राहिलेली घड्याळं ‘बंद पडली’ म्हणून दुकानात येतात, आणि दुकानदार ती काउंटरखाली नेऊन ‘दुरुस्त’ करून देतो.

नाडी लागली नाही तर घड्याळ उलटं करा. पाठीवर दोन किंवा चार सोनेरी टिकल्या दिसतील. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, पण इथे वाळा खरोखर सोन्याचा असतो, मुलामा का होईना. अख्ख्या रणगाड्याचं अन्नपाणी या टिकल्यांतून जातं, आणि रणगाड्याला चिलखत असलं तरी टिकल्या उघड्याच. त्यांवर घाम सुकतो, मीठ राहतं, त्यात सनस्क्रीन, साबण आणि मेलेली कातडी मिसळते, आणि मग त्यावर एक राखाडी पापुद्रा धरतो. तो इतका पातळ असतो, की नुसत्या नजरेला टिकली स्वच्छच वाटते. उजेडात तिरपी धरून पाहा, कोरी टिकली आरशासारखी लकाकते, आजारी टिकली चहाच्या जुन्या पातेल्यासारखी दिसते. हिरवट झाक असेल तर मुलामा फाटून खालचं तांबं गंजू लागलंय. याचं मुख्य कारण म्हणजे ट्रेकहून आल्या आल्या ओल्या घामट घड्याळाला चार्जर चिकटवणं. खारट पाणी, दोन धातू आणि मधे 5 व्होल्ट, हा शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. त्यात धन बाजूची टिकली आधी खाल्ली जाते.

सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, 90 टक्क्यांच्या वरचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागा. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट थर सोडून जातं. थिनर तर मुळीच नको, तो प्लास्टिक आणि रबर दोन्ही खातो. कापसाची काडी ओली नव्हे, दमट करा आणि प्रत्येक टिकलीवर वीस-तीस वेळा गोल फिरवा. काडी काळी झाली की बदला. खोबणीतला मळ मऊ टूथब्रशने. पॉलिश पेपर, ब्लेड, भांडी घासायचा काथ्या यांचा विचारही करू नका: सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो एकदा खरवडला की पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा हिरवळ. आणि पाठीला किंवा कडेला जे बारीक भोक दिसतं ते हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं असू शकतं. तिथे सुई घातली, की सह्याद्रीतल्या सगळ्या गडांची उंची कायमची गेली.

मग चार्जरकडे वळा. त्याच्या पिना स्प्रिंगच्या असतात. प्रत्येक पिन नखाने अलगद दाबा, झटकन वर आली पाहिजे. एखादी खालीच बसून राहिली तर तिच्यावर एक थेंब अल्कोहोल आणि दहा-पंधरा वेळा दाब. घरात मल्टिमीटर असेल तर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून दोन पिनांना लावा, मीटरच्या सळया एकमेकींना टेकू न देता. 5 च्या आसपास आकडा आला तर चार्जर निर्दोष. मूळ चार्जर हरवून बाजारातून ‘सगळ्या घड्याळांना चालतो’ असा आणला असेल, तर दोन पिनांमधलं अंतर मोजा: एकाचं 2.84 मिलिमीटर असतं, दुसऱ्याचं 4. लोहचुंबकाने टक् करून चिकटला म्हणजे जुळला असं नव्हे. छत्तीस गुण जुळून धन-ऋण उलटं निघालं, तर संसार एका रात्रीत आटोपतो.

अजून एक चकवा आहे, आणि तो भल्याभल्यांना माहीत नसतो. चार्जरला टाइप-सी सॉकेट असेल आणि तुम्ही नवीन फोनची दोन्ही टोकं टाइप-सी असलेली वायर लावली असेल, तर ढिम्म काही होत नाही. अशा वायरीत समोर कुणी आहे हे अडॅप्टरला कळावं म्हणून सॉकेटपाशी 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवायला तेच गाळलेले असतात. जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली वायर लावा, चालू होईल. पॉवरबँकेचंही तेच. घड्याळ इतकं मिताहारी, की पॉवरबँकेला वाटतं पंगतीत कुणी बसलेलंच नाही, आणि ती अर्ध्या मिनिटात पंगत उठवते. भिंतीतला जुना 5 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर, जो तुम्ही ‘कधीतरी लागेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलाय, तो आत्ता लागतो.

टिकल्या स्वच्छ, चार्जर ठीक, तरी पडदा काळा? तर मग थांबायचं. घड्याळ महिनाभर कपाटात होतं का? लिथियमची बॅटरी भरली की 4.2 व्होल्ट असते. उतरत उतरत ती 3 च्या खाली जाऊ लागली, की आतलं संरक्षक सर्किट दार लावून घेतं. मग चार्जर तिला एकदम पुरणपोळी वाढत नाही. लंघन केलेल्या माणसाला देतात तशी पेज, म्हणजे नेहमीच्या करंटच्या दहाव्या हिश्श्याइतकी धार, हळूहळू पाजतो. या काळात पडदा उजळण्याइतकंही त्राण नसतं. अर्धा तास, कधी तास-दीड तास काहीच दिसत नाही. आणि आपण काय करतो? दर पाच मिनिटांनी उचलून बघतो. भात शिजायच्या आधी दहादा झाकण काढणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातून हाकलतात. इथे हाकलायला कुणी नसतं.

तासाभरानंतर, चार्जरवर असतानाच, बटण दाबून धरा. बहुतेक घड्याळांना 10 ते 15 सेकंद लागतात. ॲपल वॉचला बाजूचं बटण आणि क्राउन, म्हणजे कडेची गोल फिरणारी चावी, दोन्ही एकत्र, निदान 10 सेकंद, लोगो दिसेपर्यंत. घाईत मोजलेले पंधरा म्हणजे खरे सहाच भरतात, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघा. बिचारं ते अजून चालू असतं. बटण दाबताना ‘टिक्’ लागत नसेल, तर आत राजगडची माती आहे. घड्याळ कोमट गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून बटण वीसेक वेळा दाबा, पुसा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका. हा उपाय काच आणि पाठ धड असतील तरच.

पाण्याचा विषय निघालाच आहे. खोक्यावरच्या आयपी68 या शिक्क्यातला 6 धूळ रोखण्याचा, 8 पाणी रोखण्याचा. 5 एटीएम म्हणजे 50 मीटर पाण्याइतका स्थिर दाब, तोही नव्या घड्याळाला. नरक चतुर्दशीला तेल, उटणं, कढत पाणी आणि वाफ असं चौफेर अभ्यंगस्नान घातलेल्या घड्याळाला नव्हे. उष्णतेने आणि साबणाने रबरी कडी सैल पडते, वाफ आत जाते आणि थंड झाली की काचेच्या आत धुकं. असं धुकं दिसलं तर चार्जर लावायचा नाही. पंख्याखाली दोन दिवस पाठ वर करून ठेवा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यातही नको, मग तो इंद्रायणी असो की कोलम. ॲपलनेही 2024 च्या सुरुवातीला, आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड होऊ शकतो, असं लिहूनच टाकलंय. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे हे बोलून दाखवायचं धाडस माझ्यात नाही. डबा मोठा असेल तर घड्याळ झिपच्या पिशवीत घालून ठेवा. दोन्ही पक्षांचं समाधान होतं आणि घड्याळाचं काही बिघडत नाही.

काचेची किंवा पाठीची कड उचललेली दिसली, फटीत नख जाऊ लागलं, तर बॅटरी पुरीसारखी फुगली आहे. इथे सगळे प्रयोग बंद. चार्ज नाही, दाबून बसवणं नाही, टाचणीने हवा काढणं तर नाहीच. पेट घेते ती. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. बाकी वॉरंटी असेल तर घड्याळ उघडायच्या मोहात पडू नका. आत बहुधा एक पांढरा ठिपका असतो, तो पाणी लागलं की लाल होतो, आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या घड्याळाची वॉरंटी ‘पाणी लागलं’ म्हणून नाकारताना काउंटरवरच्या माणसाचा चेहरा अजिबात हलत नाही. कंपनीबाहेर दुरुस्तीला दिलंत तर ‘बोर्ड गेलाय’ ऐकण्याआधी एवढंच विचारा, बॅटरी काढून बाहेरून 3.7 व्होल्ट देऊन पाहिले का? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर घड्याळ परत घ्या.

आणि घड्याळ चालू झालंच, तर 40 टक्के भरेपर्यंत काही करू नका. उठल्या उठल्या ते अपडेट मागतं, ते नंतर. तारीख 1 जानेवारी दाखवली तर घाबरायचं नाही, फोन भेटला की डोकं ठिकाणावर येतं. तासभर तुम्ही त्याच्या उशाशी मांडी घालून, देव पाण्यात घालून बसलेले असता. पडदा उजळतो, मनगटाला घुर्र होतं आणि खाली पहिला मजकूर येतो: बराच वेळ बसून आहात, जरा उठून चाला.