आमच्या घराची मालिका हिंदीत आहे

'पंचायत' या हिंदी वेब मालिकेचा चौथा सीझन मला आवडला नाही. इंदुरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही, कारण इथे प्रत्येकाला त्यातलं फुलेरा आपलंच गाव वाटतं. गोष्टीत ते उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यात आहे, पण शूटिंग आपल्या सीहोरजवळच्या महोडियाचं. भोपाळला जाता-येता गाडी तिकडे वळवून पाण्याच्या टाकीखाली फोटो काढून आलेला एखादा तरी नातेवाईक प्रत्येकाकडे असतो. आमच्याकडे तर तो फोटो फॅमिली ग्रुपचा डीपी आहे. तरी लिहितेच.

2020 च्या एप्रिलमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना पहिला सीझन आला. त्यात काय होतं? वीस हजारांवर पंचायत सचिव म्हणून आलेला, मनातून वैतागलेला एक इंजिनिअर, आणि त्याची चाकाची खुर्ची. त्या खुर्चीवरून वऱ्हाडातला नवरदेव अडून बसतो, एवढ्यावर एक अख्खा भाग. दोन मुलांची खीर आणि त्यापुढे मूळव्याध अशी कुटुंबनियोजनाची घोषणा भिंतीवर रंगवली म्हणून गावात बोंबाबोंब, त्यावर आणखी एक. शेवटी नावापुरती प्रधान, म्हणजे सरपंच, असलेली मंजूदेवी 26 जानेवारीला झेंडा फडकवायचा म्हणून राष्ट्रगीत पाठ करते. नीना गुप्तानं त्या एका भागात जे केलंय, ते बघताना आमच्या घरात कुणी पाणी प्यायलाही उठलं नव्हतं.

2025 च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्यात मात्र नुसती निवडणूक. एका पार्टीची निशाणी दुधी, दुसरीची कुकर, आणि आठही भाग आज ह्यांचा डाव, उद्या त्यांचा. विरोधी पार्टीतल्या विनोदला जेवू घालून फोडायला बघतात तो प्रसंग सोडला, तर मला जुनं फुलेरा कुठे दिसलंच नाही. माणसं तीच, पण त्यांना रिकामा वेळच दिलेला नाही, आणि या मालिकेची सगळी गंमत तर माणसांच्या रिकामपणात होती. आमच्या ह्यांचं मत अगदी उलट. "गावात राजकारणच असतं गं, खुर्च्यांवर किती सीझन काढणार?" असं म्हणून त्यांनी शेवटचे दोन भाग पुन्हा बघितले. मंजूदेवी हरली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मला वाईट वाटलं ते उपप्रधान प्रल्हादचं. पोरगा गेल्यानंतरचा तिसऱ्या सीझनमधला तो सुन्न माणूस इथे प्रचाराच्या गर्दीत एक कार्यकर्ता होऊन गेला.

हे झालं रात्री साडेदहानंतरचं. त्याआधी टीव्ही आमच्या सासूबाईंचा.

आई मूळच्या देवासच्या, वय अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळी दिवा लागला की रिमोट त्यांच्या हातात जातो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला असतो, अजूनही. 'ठरलं तर मग' त्यांनी 2022 च्या डिसेंबरपासून, म्हणजे पहिल्या भागापासून धरलेली आहे. नायिका सायली हीच हरवलेली खरी तन्वी, हे त्यांना, मला आणि आमच्या कामवालीलाही कधीचं माहीत आहे. माहीत नसतं ते फक्त मालिकेतल्या माणसांना. अर्जुन एवढा मोठा वकील, पण आपल्या बायकोबद्दल पुरावा गोळा करायला त्याला वर्षं लागतात. आई त्याला सरळ सल्ला देतात: "अरे, मागे बघ ना! ती दारामागे ऐकून राहिली आहे!" तो बघत नाही. बघितलं तर उद्या काय दाखवणार?

मराठी मालिकेचं तंत्र मला आईंच्या वरणामुळे कळलं. मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली वाजवतं. मग ढगांचा गडगडाट, आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावर. सासू, सासरे, दीर, जाऊ, आत्या, मग पुन्हा सासू. आई तेवढ्यात उठतात, स्वयंपाकघरात जाऊन वरण ढवळतात, गॅस बारीक करतात, गुडघा धरून परत येतात. टीव्हीवर तोवर आत्याचा चेहरा चालू असतो. काहीही चुकत नाही. मी आधी याला हसायचे. आता वाटतं, लिहिणाऱ्यांना या बायका चांगल्या ठाऊक आहेत. बघणारीच्या हाताला काम आहे, ती अर्धी कानानं बघते आहे, हे गृहीत धरूनच हा वेग ठरतो. 'पंचायत' तुम्ही भाजी निवडत बघू शकत नाही, नजर हलली की गंमत गेली. तेव्हा डेली सोप म्हणजे कमी बुद्धीच्या लोकांचा माल असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रोज बावीस मिनिटं, आठवड्याचे सहा-सात दिवस, वर्षानुवर्षं लिहून दाखवा, मग बोला.

तक्रार वेगळीच आहे. या मराठी मालिकांत जे मराठी घर दिसतं, ते आमचं नाही. फिरता जिना, त्यावरून पैठणी नेसून उतरणारी सून, सकाळी सात वाजता गळ्यात ठुशी. आता असं घर पुण्यात तरी कुठे असतं म्हणा. पण पुण्याच्या प्रेक्षकाला निदान रस्त्याचं नाव, देवळाचं नाव, एखादं आडनाव आपलं वाटतं. आम्ही रामबाग-नारायणबागेतले, लोकमान्य नगरातले लोक. भाजीवाल्याशी हिंदी, देवाशी मराठी, भांडण जोरात आलं की दोन्ही. मुलीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिच्या ऑफिसात तिला विचारलं, "तू इंदूरची? मग मराठी कशी काय येते?" होळकरांबरोबर आलेल्या घरातल्या पोरीला हा प्रश्न! तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आई दोन दिवस धुसफुसत होत्या.

बरं, मालिकावाल्यांना गावांची ॲलर्जी आहे असंही नाही. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' आली आणि सगळ्या महाराष्ट्राला मालवणी ऐकायची चटक लागली. पुढे अण्णा नाईक घराघरात गेले. इंदुरात ज्यांनी समुद्र एकदाच बघितलाय, तीही माणसं मालवणीत शिव्या द्यायला लागली होती. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला'नं कोल्हापूर आणलं, आणि "चालतंय की" आमच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत ऐकू यायला लागलं. म्हणजे खास एका मातीची बोली विकली जाते, हे वाहिन्यांना पक्कं माहीत आहे. मग आमचा माळवा का नाही?

उत्तर फार रुक्ष आहे. मराठी वाहिन्यांचा जो टीआरपी दर आठवड्याला मिरवतात, तो बार्क ही प्रेक्षक मोजणारी संस्था महाराष्ट्र आणि गोवा एवढ्या बाजारावर मोजते. आम्ही इथे हिंदी पॅकच्या वर वेगळे पैसे भरून मराठी वाहिन्या घेतो, आई एक भाग चुकवत नाहीत, चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात, आणि त्या हिशेबात आम्ही कुठेच नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदं, सगळे फुकटचे प्रेक्षक. फुकटच्या प्रेक्षकासाठी कोण कथा लिहील? नाटकाचं तसं नाही, तिथे तिकीट समोर दिसतं. म्हणून सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या कृपेनं मुंबई-पुण्याची नाटकं इथे येतात, आणि प्रयोगानंतर नट आवर्जून म्हणतात की इंदूरचा प्रेक्षक दर्दी. ते सगळीकडेच म्हणत असतील, पण ऐकायला बरं वाटतं.

एकदा मात्र वाटलं होतं की आता आपला नंबर लागला. 2021 च्या जानेवारीत सोनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' सुरू झाली. हिंदीत. इथे अहिल्याबाई म्हणजे पाठ्यपुस्तकातला धडा नव्हे. विद्यापीठ त्यांच्या नावाचं, विमानतळ त्यांच्या नावाचा, राजवाड्यासमोर पुतळा त्यांचा, आणि पुण्यतिथीला पालखी निघते तेव्हा अर्धं जुनं इंदूर रस्त्यावर असतं. सगळं घर पहिल्या भागाला टीव्हीसमोर बसलं. छोटी अहिल्या झालेली अदिती जलतारे फारच गोड होती, राजेश शृंगारपुरेचा मल्हारराव दणदणीत. पण हळूहळू होळकरांचा वाडा नेहमीचाच वाडा व्हायला लागला. सवतींची कारस्थानं, खांबाआडून ऐकणं, चेहऱ्यांची फेरी. बालपणातून बाहेर यायलाच मालिकेला वर्षाहून अधिक लागलं.

आणि खरी बाई काय होती? 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला. 1766 मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर महेश्वरला बसून 1795 पर्यंत राज्य चालवलं, काशीपासून सोमनाथापर्यंत देवळं आणि घाट बांधले, विणकरांना आणून महेश्वरी साडीचा धंदा उभा केला. नाट्य पाहिजे तर इथे आहे की! एकटी बाई, भोवती राज्यावर डोळा ठेवून बसलेले लोक, रोजचा दरबार, रोजचे हिशेब. पण मालिकेला सून हवी असते, राज्यकर्ती नको. राज्यकर्ती रोज रात्री रडत नाही.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. सध्या आम्ही 'गुल्लक' ही वेब मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतो आहोत, चारही सीझन. एका सीझनमध्ये पाचच भाग, त्यामुळे आईंचाही दम टिकतो. हो, त्याही बसतात, हिंदी असूनही. 2019 मध्ये पहिला सीझन आला तेव्हा मी निम्म्यात सोडला होता, काय आहे त्यात असं म्हणून. काहीच नाही त्यात! संतोष मिश्रा वीज खात्यात बाबू, बायको शांती, दोन पोरं, शेजारची बिट्टूची मम्मी, आणि फडताळावरचा मातीचा गल्ला हे सगळं आपल्याला सांगतो आहे. ते आहेत कुठल्याशा उत्तरेकडच्या गावातले मिश्रा, पण शूटिंग भोपाळचं. त्यामुळे गच्चीवरची टाकी, जिन्याखालची स्कूटर, भिंतींचा रंग, पाणी यायच्या वेळेची धावपळ, सगळं आमचंच.

आणि शांती मिश्रा आहे गीतांजली कुलकर्णी! आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "कुलकर्णी? मग बरोबर. तरीच म्हटलं, ही कढई कशी घासते आहे बघ." कढई घासण्याचा आणि आडनावाचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. पण ती बाई स्वयंपाकघरातून बाहेर न येता बैठकीतल्या वादात ज्या पद्धतीनं भाग घेते, अर्धं वाक्य नवऱ्याला, अर्धं कुकरला, ती मी रोज माझ्या घरात ऐकते. कधी आईंच्या तोंडून, अलीकडे माझ्याही.

याच गीतांजली कुलकर्णी चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' सिनेमात सरकारी वकील होत्या. त्यात ती वकीलबाई सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटकाला जाते, आणि त्या नाटकात मुलीनं पसंत केलेल्या यूपीच्या मुलाला बाप घराबाहेर हाकलतो तेव्हा प्रेक्षक टाळ्या पिटतात. काही वर्षांनी तीच नटी मिश्रांच्या घरची शांती होते आणि एकही मिश्रा तिला परकी म्हणत नाही. हा योगायोग कुणी ठरवून केला नसेल, पण आमच्यासारख्यांना तो बरंच काही सांगून जातो. हिंदी टीव्हीवर मराठी माणूस म्हणजे 2008 पासून 'तारक मेहता'तला भिडे मास्तर: कंजूष, शिस्तीचा, "आमच्या जमान्यात" म्हणणारा. मराठी टीव्हीवर मराठी माणूस म्हणजे जिना आणि पैठणी. आणि आम्ही खरे जसे आहोत, तसे मिश्रांच्या घरात सापडतो. मला हे थोडं झोंबतं, खोटं कशाला बोलू? वरून बिट्टूची मम्मी झालेली सुनीता राजवार 'पंचायत'मध्ये मंजूदेवीची विरोधक क्रांतीदेवी होऊन निशाणीचा कुकर नाचवते. म्हणजे आमचा सगळा मोहल्लाच तिकडे.

मुलीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू कोरियन बघ." बघितलं. तिथेही सासूच आहे.

तर कुणी मराठी निर्माता हे वाचत असेल, तर गोष्ट तयार आहे. रामबागेतला जुना वाडा, तीन भावांच्या वाटण्या, त्यातला एक भाऊ बिल्डरकडून आगाऊ घेऊन बसलेला. मुलगा पुण्यात आयटीत, रात्रीच्या बसनं ये-जा करणारा. त्यानं सदाशिव पेठेतली बायको करून आणलेली, जिला सासरचं "येऊन राहिलो आहे" ऐकून पहिल्या आठवड्यात हसू आवरत नाही. आणि आठवडाभरात तिच्या लक्षात येतं की महानगरपालिकेपासून दूधवाल्यापर्यंत सगळं हिंदीत, आणि तिचं हिंदी ऐकून दूधवालाच हसतो. कारस्थानी आत्या हवी असेल तर आमच्याकडे आहेत, निवडून घ्या. सेटचा खर्चही फार नाही. राजवाडा खराखुरा उभा आहे, सराफ्यातला खाऊबाजार रात्री आपोआप उजळतो, आणि पार्श्वसंगीताला सकाळी कचरागाडीचं गाणं येतंच.

फक्त एक करा. पहिल्याच भागात नवी सून सासरच्यांना नाश्त्याला पोहे करून घालते असा सीन असणार, तो चुकणार नाही. तेव्हा तिच्या हातात ओल्या खोबऱ्याची वाटी देऊ नका. पोह्यांवर शेव, कच्चा कांदा आणि वरून जिरावण मसाला. खोबरं दिसलं तर आई तिथेच टीव्ही बंद करतील.