बॅकस्लॅशला कोट चिकटला की संपलं

मार्च एंड, रात्रीचे साडेदहा, ऑफिस रिकामं आणि मी विंडोजच्या त्या कमांड टाईप करायच्या काळ्या खिडकीला शिव्या घालत बसलेय. काम केवढं? "जुनी बिलं" नावाचं फोल्डर "ई:\बॅकअप" मध्ये टाकायचं. रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड), दोन पाथ म्हणजे कुठून-कुठे ते फोल्डरचे पत्ते, एंटर. तर म्हणे डेस्टिनेशनच दिलेलं नाही! अरे दिलंय की, डोळे फुटलेत का?

अर्धा तास डोकं आपटल्यावर कळलं. नावात स्पेस, म्हणून शहाण्यासारखे कोट लावले. ओळ झाली "डी:\जुनी बिलं\" आणि पुढे दुसरा पाथ. बॅकस्लॅशला चिकटून कोट दिसला की प्रोग्रामला वाटतं, हा कोट नावातलाच. मग तो स्पेस गिळतो, पुढचा पाथ गिळतो आणि दोन्हींचा मिळून एकच पाथ करतो. ज्या विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोट टाकताच येत नाही, तिथे ही अक्कल!

उपाय म्हणे बॅकस्लॅश डबल करा. पण फक्त शेवटचा हं, मधले तसेच ठेवायचे. कोटआधी बॅकस्लॅश सम असतील तर निम्मे उरतात नि कोट बंद होतो, विषम असतील तर कोट अक्षर होतो. पाढे म्हणत बसू का आता? बरं, सीएमडीला, म्हणजे त्या काळ्या खिडकीला, स्वतःला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याचा एस्केप (पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं चिन्ह) कॅरेट, म्हणजे ^! लिनक्सचा शेल (तिथला कमांड वाचणारा प्रोग्राम) निदान ओळीचे तुकडे करून प्रोग्रामच्या हातात सुटे देतो. इथे अख्खी ओळ पुढे ढकलायची, ज्यानं त्यानं आपापली फोडून घ्यावी. चुकलं की सगळ्यांचे हात वर.

१९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा सरळ स्लॅश स्विचसाठी, म्हणजे कमांडच्या पर्यायांसाठी, अडकलेली होती, म्हणून पाथला उलटी दिली. सी भाषेत तीच आधीपासून एस्केप. हे भांडण त्यांचं, आणि बिलं माझी अडकली.

त्यात तो बॅकस्लॅश मी टाईपही केला नव्हता! बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेली फाइल) ज्या फोल्डरात आहे त्याचा पाथ व्हेरिएबलमधून घेतला होता, आणि तो शेपटीला बॅकस्लॅश लावूनच येतो. शेवटी त्याच्यापुढे, कोटाच्या आधी, एक टिंब ठोकलं. एक टिंब! धडाधड कॉपी सुरू.

अकरा वाजून गेलेत. डबा अजून उघडलेला नाही.