‘डॅशबोर्ड हिरवा आणि गोदामात धूर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मालक. तुमचा एक तारा वाचला. मुलाने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. ज्यांनी मूळ रिव्ह्यू पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खानापूर भागातल्या तुमच्या काजू कारखान्यात आम्ही फायर अलार्म बसवला, त्याचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळं ठीक आहे का ते दाखवणारं पान, मोबाईलवर चालू करून दिला. नंतर एका रात्री टरफलांच्या गोदामात धूर झाला. तुम्ही बेळगावला टिळकवाडीत घरी होता, मोबाईलवर सगळं हिरवं. मेसेज आला तो पहाटे, तोही आदल्या रात्रीच्या वेळेचा. रोजच्या खोट्या घंटेचा ताप वेगळाच, आणि आम्ही तीन फोन झाल्यावर उगवलो. शेवटी तुम्ही ‘फसवणूक’ लिहिलंय.

शेवटच्या शब्दावर नंतर येतो. आधी आमची चूक.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला पावसात लाईट गेली. अलार्मच्या डब्यात बॅटरी आहे, तो चालूच होता. पण तुमचा राऊटर ऑफिसात देवाच्या फोटोशेजारच्या फळीवर, आणि त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात नव्हती, बाजूच्या साध्या बोर्डात होती. म्हणजे २:४० ला धूर लागला तेव्हा डब्याने भोंगा वाजवला, वॉचमन मामा उठले, पाण्याचा पाईप ओढला, चार पोती जळाली तेवढ्यावर निभावलं. मात्र बाहेर निरोप न्यायला वाटच नव्हती. राऊटर बंद म्हणजे क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या दृष्टीने तुमचा कारखाना जगातच नव्हता.

मग हिरवं कसं दिसत होतं? डॅशबोर्डवरचा तो काटा शेवटचं आलेलं रीडिंग दाखवतो. लाईट जायच्या आधीचं रीडिंग चांगलं होतं, तेच पडद्यावर बसून राहिलं. डबा जिवंत आहे का, हे हिरवा रंग सांगत नाही. त्यासाठी वेगळी सोय असते. आमच्या डब्यांत वापरतो त्या पद्धतीत डबा सर्व्हरला जोडतानाच एक निरोप ठेवून देतो: मी न सांगता गायब झालो तर एवढं सगळ्यांना कळवा. धंद्यात याला ‘लास्ट विल’ म्हणतात, म्हणजे चक्क मृत्युपत्र. आम्ही ६० सेकंदांची हजेरी लावली होती, म्हणजे तेवढ्या वेळात डब्याने ‘मी आहे’ असं सर्व्हरला कळवायचं. दीडपट म्हणजे ९० सेकंद काहीच आलं नाही की सर्व्हर ते मृत्युपत्र उघडतो. त्या रात्रीही उघडलं होतं. मी लॉग काढून बघितलाय. फक्त ते तुमच्या फोनपर्यंत न्यायचा नियम आम्ही लावलाच नव्हता. ‘ऑफलाईन’ हा शब्द डॅशबोर्डच्या दुसऱ्या पानावर करड्या अक्षरांत पडून होता. तिथे मध्यरात्री कोण बघणार?

नियम का राहिला, तेही सांगतो. तुमच्या नव्या राऊटरने वायफायचे दोन्ही बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, एकाच नावाखाली ठेवले होते, आणि आमचा डबा २.४ गिगाहर्ट्झच पकडतो. डबा बसवायला आलेल्या आमच्या पोराचा दीड तास त्यातच गेला. तोवर अंधार पडला, शेवटची बस गाठायची घाई, आणि तो ‘सगळं झालं’ सांगून निघाला. त्याला बोललो. पण काम झालं का हे तपासणं माझं होतं, ते मी केलं नाही.

वेळेचंही तसंच. लाईट सव्वापाचला आली, डब्याने साठवलेली नोंद पाठवली, आणि मेसेजमध्ये छापून आलं २१:१०. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. २:४० मधून साडेपाच तास वजा करा, आदल्या रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं होतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, मेसेजच्या मजकुरात आम्ही बदलायला विसरलो. आता बदललंय.

खोट्या घंटेबद्दल मात्र थोडं तुमच्याकडेही बघावं लागेल. काजू वाफवायच्या भट्टीजवळ धुराचा डिटेक्टर नको, तापमानाचा घेऊ, असं मी कोटेशनमध्ये लिहिलं होतं. धुराचा स्वस्त म्हणून तोच ठेवला गेला. त्याला वाफ आणि धूर यातला फरक कळत नाही, उजेड विखुरला की तो ओरडतो. मग कुणीतरी त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधून टाकली. मी स्टुलावर चढून ती सोडली तेव्हा आत पाण्याचे थेंब साठले होते. नशीब, आग टरफलांकडे लागली, तिथला दुसरा डिटेक्टर उघडा होता. टरफलांत तेल असतं, तिथे आणखी दहा मिनिटं म्हणजे काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. भट्टीजवळ आता ५७ अंशांचा हीट डिटेक्टर लावलाय, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

तुम्ही असंही लिहिलंय की अग्निशमनची गाडी आपोआप यायला हवी होती. तसं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. डॅशबोर्ड माणसाला उठवतो, १०१ किंवा ११२ माणसानेच फिरवायचा.

तीन फोनांचं खरं आहे. मी निपाणीला एका तंबाखूच्या गोदामात शिडीवर होतो, फोन खाली पिशवीत. संध्याकाळी चारला पोचलो. उशीरच झाला.

आता काय केलंय: राऊटरला स्वतःचा छोटा यूपीएस. संपर्क तुटून पाच मिनिटं झाली की फोनवर मेसेज. हा क्लाउडमधूनच निघतो, त्यामुळे कारखान्यात अंधार असला तरी येतो. दोन मिनिटांवरही ठेवता आलं असतं, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाईट इतक्यांदा लपंडाव खेळते की आठवड्यात तुम्ही आवाज बंद करून टाकाल. एसएमएसच्या मजकुराची नोंदणी करावी लागते, ती टाकलीय. मजकूर मराठी आणि कन्नड, दोन वेगळे, कारण या लिप्यांत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात आणि मामा कन्नडच वाचतात.

सेटअपचे पैसे परत केलेत. एक तारा राहू दे, तो आम्ही कमावलाय. ‘फसवणूक’ तेवढं काढता आलं तर बघा. भोंगा वाजला होता, मालक.

बुधवारी येतोय. तुमच्यासमोर राऊटरची पिन काढू आणि घड्याळ लावून बसू. आणि हो, कळवायच्या यादीत वॉचमन मामांचा नंबर पहिला घातलाय, तुमचा दुसरा.