दोन मार्ग, एक खड्डा

परवा रात्री आमच्या इंटरनेट कंपनीची मुख्य लिंक गेली, आणि ती गेल्यावर धावून यायची होती ती बॅकअप लिंकही तिच्या पाठोपाठ गेली. माझ्या नकाशात या दोन वाटा शहराच्या दोन टोकांनी जातात. एक लाल रेघ, एक निळी. दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या, आणि दोघींनीही 'मार्ग पूर्णपणे स्वतंत्र' असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेलं. ज्या बीजीपीच्या, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायच्या नियमांच्या, जिवावर सगळं इंटरनेट एकमेकांना जोडलेलं आहे, त्याचा पहिला आराखडा 1989 मध्ये दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर काढला म्हणतात. माझ्या दोन रेघा मंजूर व्हायला मात्र महिनोन्महिने मिटिंगा चालल्या होत्या.

ओटीडीआर लावला. हे यंत्र तंतूत प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून केबल किती लांब तुटलीय ते सांगतं. पण ते केबलचं अंतर सांगतं, रस्त्याचं नाही. चेंबरमध्ये ठेवलेली केबलची वेटोळीही ते इमानदारीत मोजतं. त्यामुळे मीटरमध्ये आकडा मिळूनही आपण अंधारात खड्डा हुडकत फिरतो. शेवटी सापडला. जेसीबी केव्हाच निघून गेला होता.

आमचा स्प्लायसर, म्हणजे तुटलेले तंतू जोडणारा पोरगा, खड्ड्यात उतरला आणि बॅटरी धरायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मीही. तेवढ्यात वरून आवाज आला.

"नेटवाले का?"

बनियन, बर्म्युडा, पायात स्लीपर, हातात मोबाइल. काका खड्ड्याच्या अगदी काठावर उभे.

"हो काका."

"रीस्टार्ट करून बघितलं का?"

मी केबलचं तुटकं टोक उचलून दाखवलं. बाहेरचं आवरण सोललेलं, आतले तंतू पिंजारलेले.

"ते असू द्या हो. रीस्टार्ट केलंत का? आमच्याकडे दर वेळी त्यानेच येतं."

24 कोरची केबल. दोन ट्यूब, प्रत्येकीत बारा रंगांचे बारा तंतू. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असं दिवसा धडाधड म्हणता येतं. रात्री बॅटरीच्या पिवळ्या उजेडात पांढरा कुठला आणि राखाडी कुठला, हे देवालाच ठाऊक. काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, आणि प्रकाश ज्यातून जातो तो त्याच्या आतला गाभा जेमतेम 9. पोरगा तो सोलणार, अल्कोहोलने पुसणार, सरळ कापणार, मशीनमध्ये समोरासमोर ठेवणार, आणि मग एक ठिणगी. या सगळ्यात धुळीचा एक कण पडला तरी काम पुन्हा पहिल्यापासून. आणि काका बोलताना पाय हलवत होते. प्रत्येक वाक्यामागे मूठभर माती खाली.

"यापेक्षा वायरलेस का करत नाही?"

"टॉवरपर्यंतही बऱ्याच ठिकाणी फायबरच जातं, काका."

"आमच्याकडे नाही. आमच्याकडे वायफाय आहे." भसकन माती. पोराने पुसलेला तंतू परत पुसायला घेतला.

"आणि प्लॅन 100 चा असून येतात 40."

हे 40 ते कुठे बसून मोजतात, हे मी विचारलं नाही. राउटर आणि मोबाइल यांच्यामध्ये किती भिंती आहेत ते लोक कधी सांगत नाहीत. त्याऐवजी मी मोठ्या उत्साहाने जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत, समजावायला गेलो. एका फायबरवर साधारण 2.5 जीबीपीएस येतात, ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात, सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून पुरतात, वगैरे.

काका गंभीर झाले. "म्हणजे आमचं नेट तुम्ही शेजाऱ्याला देता."

पोरगा हसला. त्याचा हात हलला. तो जॉइंट परत करावा लागला.

"साधं यूट्यूब चालू ठेवता येत नाही तुम्हाला," काकांनी निकाल दिला. 24 फेब्रुवारी 2008 ला पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरतं यूट्यूब अडवायला त्याच्याकडे जायचा एक खोटा मार्ग बीजीपीत जाहीर केला. तो बाहेर गळला आणि सुमारे दोन तास जगभरच्या लोकांचं यूट्यूब गेलं. तिथल्या इंजिनिअरच्या डोक्यावर उभं राहून कोणी माती पाडली असेल असं मला वाटत नाही. आम्ही कोणाचंही काहीही बंद केलं नव्हतं, तरी आमच्या केसांत खडी होती.

पहाटे लिंक आली. समोरच्या गॅलरीतून काकांनी हात उंचावला. "आलं! मी रीस्टार्ट केला!" त्यांच्या तक्रारीपुढेही तेच कारण नोंदवून ती बंद झाली आहे: ग्राहकाने राउटर रीस्टार्ट केला.

काकांवरचा राग अंघोळीबरोबर गेला. दुसरा काही जात नाही. दोन्ही कंपन्यांच्या केबल त्या एकाच खड्ड्यात, एकमेकींना खेटून होत्या. आमच्या ग्राहकांना आम्ही 99.999 टक्के अपटाइम लिहून दिलंय, म्हणजे अख्ख्या वर्षात जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद. ती तर आमची गाडी पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंतच संपली. आता दंड आम्ही भरायचा. मी दोघांनाही खड्ड्याचे फोटो पाठवून जाब विचारला. एकाचं उत्तर अजून यायचंय. दुसऱ्याने कळवलंय की मार्ग स्वतंत्रच आहेत, कारण त्यांची केबल नारिंगी डक्टमध्ये, म्हणजे पाइपात, आहे आणि ती दुसरी निळ्या. सोबत या महिन्याचं बिल जोडलंय, पूर्ण.