पोकरपटूचं मोठेपण बक्षिसांच्या बेरजेत सापडत नाही

व्यावसायिक पोकरबद्दलचा एक दावा थोड्याफार फरकानं सगळीकडे फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि कौशल्य मोजायचं तर खेळाडूनं मिळवलेल्या बक्षिसांची बेरीज पाहावी. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या दरवर्षीच्या स्पर्धामालिकेतली मुख्य स्पर्धा, म्हणजे मेन इव्हेंट, जिंकतो तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. अंतिम टेबलवर तीच ती नावं दिसतात, हा योगायोग नसतो. चारपैकी तीन डाव पत्ते न उघडताच संपतात, म्हणजे नशिबाला वाव फक्त पाव हिश्शाचा. आणि जो अख्खं वर्ष तोट्यात काढतो त्याला व्यावसायिक म्हणू नये.’

यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. स्पर्धेच्या पोकरमध्ये कौशल्य असतं आणि ते मोजताही येतं. पुढची मोजमापं मात्र चुकीची आहेत. त्यांच्या भरवशावर लोक कुणाचे तरी शिष्य होतात, कुणाच्या तरी प्रवेश फीमध्ये पैसे गुंतवतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘बक्षिसांची बेरीज पाहा’

द हेंडन मॉबसारख्या संकेतस्थळांवर खेळाडूच्या नावापुढे जी रक्कम दिसते ती केवळ जमेची असते. त्यासाठी भरलेली प्रवेश फी तिथे नसते. दुकानाचा गल्ला मोजून कुणी नफा सांगत नाही, पण पोकरमध्ये नेमकं तेच चालतं. डॅनियल नेग्रानू हा काही मोजक्या खेळाडूंपैकी एक, जो वर्षाचा पूर्ण हिशेब जाहीर करत आला आहे. २०१७ साली त्याला सुमारे २७.९ लाख डॉलरची बक्षिसं मिळाली आणि प्रवेश फीमध्ये गेले सुमारे २८.७ लाख. यादीत ते वर्ष दणदणीत दिसतं, प्रत्यक्षात ते तोट्याचं होतं.

दुसरी अडचण प्रवेश फीच्या आकाराची. २०१२च्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धेची फी १० लाख डॉलर होती आणि खेळाडू होते ४८. अँटोनियो एस्फंदियारीनं ती जिंकली आणि त्याच्या खात्यावर १,८३,४६,६७३ डॉलर चढले. हजार डॉलर फीच्या स्पर्धा वर्षानुवर्षं उत्तम खेळणारा माणूस या आकड्याच्या आसपासही फिरकणार नाही. ४८ जणांतून एकदा पहिलं येणं ही मोठी गोष्ट आहेच, पण ती एकाच स्पर्धेची गोष्ट आहे. बेरजेच्या यादीत मात्र ती शेकडो स्पर्धांवर भारी पडते.

त्याहून बोलकं उदाहरण २०१९ सालच्या लंडनमधल्या ट्रायटन मिलियनचं. फी १०,५०,००० पौंड, त्यातले ५०,००० धर्मादाय कामाला, प्रवेश ५४. शेवटचे दोघे उरले तेव्हा त्यांनी उरलेल्या रकमेची वाटणी त्या क्षणीच्या चिप्सच्या हिशेबानं करून घेतली. त्या वेळी ब्रिन केनीकडे जास्त चिप्स होत्या. पुढे ॲरन झांगनं स्पर्धा जिंकली, त्याला १,३७,७९,४९१ पौंड मिळाले. दुसऱ्या आलेल्या केनीला मिळाले १,६८,९०,५०९ पौंड, आणि तेवढ्यावर तो कमाईच्या सर्वकालीन यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. असे करार नियमात बसतात आणि स्पर्धांमध्ये सर्रास होतात. पण मग यादीतला क्रमांक नेमकं काय मोजतो, हे विचारावंच लागतं.

शिवाय ही रक्कम बहुतेकदा पूर्णपणे खेळाडूची नसते. मोठ्या फीच्या स्पर्धेत उतरण्याआधी तो स्वतःतले हिस्से विकतो. ७० टक्के विकले असतील तर १० लाखांच्या बक्षिसातले त्याचे ३ लाख. मित्रांशी पाच-दहा टक्क्यांची अदलाबदल केलेली असेल तर हिशेब आणखी बदलतो. आणि जिथे बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसता येतं, तिथे एखाद्यानं तीनदा फी भरलेली असते. यादीत दिसतं ते एकच बक्षीस.

योग्य माप साधं आहे: मिळालेल्या बक्षिसांतून सगळी फी वजा करायची, पुन्हा भरलेलीसुद्धा, आणि उत्तराला एकूण फीनं भागायचं. हा परताव्याचा दर. त्यात आयोजकाचा वाटाही आपोआप येतो. मेन इव्हेंटच्या १०,००० डॉलरपैकी २०२३ साली ९,३०० बक्षिसांत गेले. म्हणजे अगदी सरासरी खेळणारा माणूसही उणे ७ टक्क्यांपासून सुरुवात करतो.

‘मेन इव्हेंट जिंकणारा सर्वोत्तम’

२०२३ साली मेन इव्हेंटला १०,०४३ प्रवेश होते. समजा एखाद्याची जिंकण्याची शक्यता सरासरी माणसाच्या पाचपट आहे. एवढ्या मोठ्या गर्दीत पाचपट म्हणजे विलक्षण झालं. तरीही ती शक्यता सुमारे २,००० मध्ये १ होते. तो सलग ४० वर्षं खेळला तरी एकदा तरी जिंकण्याची शक्यता २ टक्के. म्हणजे अशा ५० अव्वल खेळाडूंपैकी ४९ जण ही स्पर्धा न जिंकताच निवृत्त होतील. न जिंकणं हा कमीपणाचा पुरावा होऊ शकत नाही, आणि एकदा जिंकणं हे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

२००३चा विजेता ख्रिस मनीमेकर पेशानं अकाउंटंट होता. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तो आत आला आणि ८३९ जणांतून २५ लाख डॉलर घेऊन गेला. तो वाईट खेळला असं अजिबात नाही. त्या एका आठवड्यावरून तो किती चांगला हे ठरत नाही, एवढंच.

उलट मायकल मिझराकी पाहा. २०२५च्या एकाच उन्हाळ्यात त्यानं ९,७३५ प्रवेशांचा मेन इव्हेंट जिंकला आणि ५०,००० डॉलर फीची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिपही. मथळे पहिल्या विजयाचे झाले. त्याच्या कौशल्याचा भक्कम पुरावा आहे तो दुसरा: ही चॅम्पियनशिप त्यानं २०१०, २०१२, २०१८ आणि २०२५ अशी चारदा जिंकली आहे. तिथे पोकरचे अनेक प्रकार आलटून-पालटून खेळावे लागतात, मैदानात शंभराच्या आसपासच लोक असतात आणि त्यांतले बहुतेक कसलेले व्यावसायिक.

‘तीच ती नावं दिसतात’

दिसतात, पण आधी दोन चाळण्या लावाव्या लागतात. एक म्हणजे, जो उन्हाळाभर रोज स्पर्धा खेळतो त्याचं नाव एकदाच येणाऱ्यापेक्षा जास्त वेळा दिसणारच. दुसरी, मैदानाचा आकार. जॉनी चॅननं १९८७ आणि १९८८चे मेन इव्हेंट लागोपाठ जिंकले तेव्हा खेळाडू होते १५२ आणि १६७. तो पराक्रम मोठाच, पण आजच्या दहा हजारांच्या मैदानाशी त्याची तुलना होत नाही.

मार्क न्यूहाउसचं उदाहरण हमखास दिलं जातं. २०१३ (६,३५२ खेळाडू) आणि २०१४ (६,६८३ खेळाडू) अशी दोन वर्षं तो मेन इव्हेंटच्या शेवटच्या नऊंत पोचला. ‘याची शक्यता सव्वापाच लाखांत एक!’ हे गणित, सगळ्यांना समान संधी धरली तर, बरोबर आहे. प्रश्न चुकीचा आहे. आधीच्या वर्षीच्या नऊपैकी कुणीही परत आला असता तरी आपण हेच म्हटलं असतं. केवळ नशिबावर, त्या नऊपैकी एक जण परत येण्याची शक्यता सुमारे १.२ टक्के भरते. स्पर्धा दरवर्षी होते हे लक्षात घेतलं तर एवढ्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही.

खरी कसोटी अशी असते की नावं आधी लिहून ठेवायची आणि मग निकाल पाहायचे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१०च्या वर्ल्ड सिरीजबाबत हेच केलं. स्पर्धांपूर्वीच्या माहितीवरून ‘कुशल’ ठरवलेल्या खेळाडूंचा सरासरी परतावा ३० टक्क्यांहून अधिक आला, बाकीच्यांचा उणे १५ टक्के. पोकरमध्ये कौशल्य आहे यासाठी अंतिम टेबलच्या छायाचित्रांपेक्षा हा पुरावा कितीतरी सरस. पण तो गटाबद्दल बोलतो, त्या गटातल्या एकट्यादुकट्याबद्दल नाही.

‘चारपैकी तीन डाव पत्ते न उघडता संपतात’

हा आकडा बहुधा २००९च्या सिजिटल कंपनीच्या अहवालातून आला आहे. १०.३ कोटी ऑनलाइन डावांपैकी ७५.७ टक्के डावांत शेवटी पानं दाखवायची वेळ आली नाही. आकडा ठीक, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उभा राहत नाही. ज्याच्या हाती सत्ती-दुर्री आली त्यानं पानं टाकली, ज्याला दोन एक्के आले त्यानं पैसे लावले आणि बाकीचे हटले. पानं कुणी पाहिली नाहीत, तरी डाव पानांनीच ठरवला.

स्पर्धेत तर हा युक्तिवाद उलटा पडतो. टेबलवर बसलेला माणूस बाद होतो तो जवळपास नेहमीच ऑल-इन होऊन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, पानं उघडून. म्हणजे कोण राहणार आणि कोण घरी जाणार हे नेमकं त्या उरलेल्या पाव डावांत ठरतं. उत्तरार्धात ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधीच सक्तीनं लावायच्या चिप्स, वाढत जातात, अनेकांकडे दहा-पंधरा मोठ्या ब्लाइंडइतक्याच चिप्स उरतात आणि फ्लॉपच्या, म्हणजे टेबलवरची पहिली तीन सामाईक पानं उघडण्याच्या, आधीच सगळं मध्ये जातं. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध सुमारे ८२ टक्के वेळा टिकते. राण्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध ५५ टक्क्यांच्या आसपास. आता धरा की चार वेळा ८० टक्के आणि दोन वेळा ५५ टक्के शक्यतेवर सगळ्या चिप्स लागल्या आणि समोरच्याकडेही तेवढ्याच होत्या. सहाही वेळा तुमची बाजू वरचढ आहे, तरी सगळ्यांतून वाचण्याची शक्यता १२ टक्के, म्हणजे आठातून एकदा. म्हणूनच चांगले खेळाडू आधीच चिप्स जमवून ठेवतात. समोरच्यापेक्षा जास्त चिप्स असल्या की एक डाव हरूनही खुर्ची टिकते.

‘वर्षभर तोट्यात तो व्यावसायिक नव्हे’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करतो, म्हणून पूर्ण हिशेब मांडतो. १०० खेळाडू, प्रत्येकी १,००० रुपये फी, आयोजकाचा वाटा शून्य. १ लाखाची वाटणी अशी: २८, १९, १३, ९, ७, ५, ४, ३, ३ हजार आणि दहाव्या ते पंधराव्या क्रमांकांना दीड-दीड हजार. एक कुशल खेळाडू घ्या, ज्याची प्रत्येक बक्षिसाच्या क्रमांकावर येण्याची शक्यता सरासरीपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त आहे. त्याचा खरा परतावा ३० टक्के. पण एका स्पर्धेतल्या निकालाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती दूर विखुरतात त्याचं माप, येतं जवळपास सव्वाचार फी.

१०० स्पर्धांनंतर त्याचा अपेक्षित नफा ३० फी आणि विचलन सुमारे ४२ फी. अशा कुशल खेळाडूंपैकी साधारण चारात एक जण १०० स्पर्धांनंतरही तोट्यात असतो. ५०० स्पर्धांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ६ टक्क्यांवर येते, १,००० नंतर सुमारे एका टक्क्यावर. कॅसिनोत जाऊन खेळणाऱ्याला १,००० स्पर्धांना कित्येक वर्षं लागतात.

आता याच स्पर्धेत अगदी सरासरी खेळाडू घ्या, ज्याचा खरा परतावा शून्य. १०० स्पर्धांनंतर अशा खेळाडूंपैकी जवळपास पाचात एक जण ३० टक्के किंवा त्याहून जास्त नफा दाखवतो. त्यालाही वाटतं की आपल्याला खेळ उमगला. मग तो दहापट फीच्या स्पर्धांत बसतो, शिकवणी सुरू करतो, हिस्से चढ्या भावानं विकतो. नुकसान इथून सुरू होतं. हे गणित १०० जणांच्या मैदानाचं आहे; हजारोंच्या मैदानात पैसा वरच्या दोन-चार क्रमांकांत साठतो आणि चढउतार कितीतरी पटींनी वाढतो.

संशोधनात दिसणारा विरोधाभासही इथेच सुटतो. २०१३च्या एका जर्मन प्रयोगात ३०० जणांना ६० डाव खेळवले आणि पानांचाच प्रभाव निर्णायक ठरला. २०१५च्या एका डच अभ्यासानं ऑनलाइन रोख खेळाच्या प्रचंड विदेवरून दाखवलं की सुमारे १,५०० डावांनंतर कौशल्य नशिबावर मात करतं. ६० डाव म्हणजे कॅसिनोतल्या टेबलवरचे दोनेक तास. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर. फक्त ते १,५०० डाव स्पर्धांना लागू करू नयेत, कारण रोख खेळात प्रत्येक डावाचा पैसा लगेच मिळतो आणि स्पर्धेत तो शेवटी थोड्यांनाच मिळतो.

मग खेळाडू पारखायचा कसा? त्याच्याकडे संपूर्ण वही मागा: तारीख, फी, पुन्हा भरलेली फी, एकूण प्रवेश, क्रमांक, बक्षीस, स्वतःचा हिस्सा. सगळं फीच्या पटीत मांडा, म्हणजे एक मोठी स्पर्धा बाकीच्या गिळणार नाही. सर्वांत मोठी दोन बक्षिसं काढून काय उरतं तेही पाहा. त्यानंतर ऑल-इनचे डाव घ्या. पैसे मध्ये गेले त्या क्षणी जिंकण्याची शक्यता किती होती ते लिहा आणि प्रत्यक्ष निकालाशी ताडा. यातून फक्त पैसे लागल्यानंतरचं नशीब कळतं. राजांची जोडी हाती असताना समोर एक्के आले, हे दुर्दैव त्यात दिसत नाही. शिवाय स्पर्धेत चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही. बक्षिसं सुरू व्हायला एक-दोन जण बाकी असताना ६० टक्के शक्यतेचा ऑल-इनही चूक असू शकतो. तिथे त्यानं काय टाकलं आणि का, हे विचारा. उत्तरात ब्लाइंडची संख्या, मागे बसलेल्यांच्या चिप्स आणि पुढच्या बक्षिसातला फरक आला तर ऐकण्यासारखं आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट या मोजमापात मिसळते. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्य की नशीब हा भेद न करता. उरतात ते मुख्यतः गोव्यातले कॅसिनो. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर सपाट ३० टक्के, वर उपकर, आणि हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा होत नाही. वरचाच कुशल खेळाडू घ्या: १०० स्पर्धांत १ लाख फी, १ लाख ३० हजारांची बक्षिसं. ज्या साडेएकोणीस टक्के स्पर्धांत तो बक्षिसात आला त्यांची फी वजा करू दिली असं धरलं, तरी १,१०,५०० रुपयांवर ३३,१५० रुपये कर. हाती उरतात ९६,८५० रुपये, खर्च केलेल्या लाखापेक्षा कमी, आणि आयोजकाचा वाटा अजून धरलेलाच नाही.