त्या मोठ्या टॉयलेटमध्ये आपण जावं का?

आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर एकीनं विचारलं : मॉलमध्ये लेडीज टॉयलेटला ही भलीमोठी रांग, आणि व्हीलचेअरचं चित्र लावलेलं मोठं टॉयलेट रिकामं. आत गेलं तर चालतं का? झालं. दुपारभर ग्रुप पेटला. "दुसऱ्याचा हक्क मारायचा नाही" इथपासून "रिकामं आहे तर जायचं, त्यात काय एवढं" इथपर्यंत सगळं येऊन गेलं. मध्येच एका काकूंनी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला, दुपारी तीन वाजता. माझं उत्तर तिथं मावलं नसतं, म्हणून इथं लिहितेय.

जावं. पण बाकीची दारं बंद असतील तर, पटकन, आणि नंतर येणाऱ्याला त्रास होईल असं काही मागे न ठेवता. एवढंच वाचून पुढे गेलात तरी हरकत नाही.

मला यात बोलायचा अधिकार कुठून आला ते सांगते. माझी मोठी नणंद व्हीलचेअर वापरते. मणक्याला मार लागल्यापासून कमरेखालचा भाग साथ देत नाही. आम्ही ऐरोलीत, त्याही ऐरोलीतच, दोन इमारती सोडून. नाटक, बँक, लग्नकार्य, दवाखाना, मॉल, बहुतेक वेळा मी नाहीतर माझा नवरा सोबत असतो. त्यामुळे ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्या टॉयलेटचं दार रुंद आहे, कुठं उंबरठा आहे, कुठं आरशासमोर कुंडी ठेवून वाट अडवलीय, हे मला तोंडपाठ आहे. असल्या ज्ञानाची कुठं परीक्षा नसते हे दुर्दैव.

ग्रुपवरचा वाद मी ताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कोण आत गेलं याच्याशी मला काय करायचंय? मला दार उघडं मिळालं पाहिजे आणि फरशी कोरडी मिळाली पाहिजे."

लोक या टॉयलेटची तुलना राखीव पार्किंगशी करतात, तिथं गफलत होते. राखीव जागेत गाडी लावून तुम्ही सिनेमाला गेलात की ती जागा तीन तास गेली. तिथं "दोनच मिनिटं" म्हणणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तिथं माझं मत कडक आहे : लावायचीच नाही. लोकलच्या दिव्यांग डब्याचंही तेच. धडधाकट माणूस त्यात चढला तर रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, दंड होतो, आणि व्हायलाच हवा. कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना तिथं मुभा आहे, हे मात्र डब्यात आरडाओरडा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. टॉयलेट हे तसं अडवून ठेवायचं ठिकाण नाही. दोन मिनिटांत मोकळं होतं. मोकळं करणाऱ्याला ते कळलं पाहिजे, इतकंच.

आता "पटकन" एवढं महत्त्वाचं का. तुम्ही-आम्ही पाय आवळून, इकडेतिकडे बघत, मनातल्या मनात स्तोत्र म्हणत पाच मिनिटं काढतो. मणक्याची दुखापत असलेल्या माणसाचा मूत्राशयावरचा ताबा बऱ्याचदा गेलेला असतो. काहींना लघवी लागल्याची जाणीवच नीट होत नाही, म्हणून ठरावीक तासांनी कॅथेटर वापरावा लागतो. त्याची वेळ टळली की नुसती अडचण होत नाही, ते दुखण्यावर जाऊ शकतं. शिवाय व्हीलचेअर आत नेणं, वळवणं, कमोडशेजारी लावणं, ब्रेक लावणं, दांडीला धरून सरकणं, कपडे सांभाळणं, हे सगळं करायला वेळ लागतो. तो वेळही त्यांच्या हिशेबात असतो. तुमच्यासमोर सहा दारं असतात. त्यांच्यासमोर एकच, आणि ते बंद असलं तर त्या मजल्यावर दुसरं नसतं. म्हणून बाहेर जायच्या दिवशी ताई सकाळपासून पाणी घोटघोटच पितात. नवी मुंबईच्या मे महिन्यात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मग डॉक्टर विचारतात, पाणी कमी पिता का? काय सांगणार?

आत काय असतं आणि ते तसं का असतं, हे कळलं की शिष्टाचार वेगळा शिकवावा लागत नाही. मध्ये रिकामी जागा असते ती व्हीलचेअर जागच्या जागी वळावी म्हणून. सरकारी मानकांप्रमाणे तो वळायचा गोल १५०० मिलिमीटर व्यासाचा हवा. त्या जागेत कचऱ्याचा मोठा डबा ओढून ठेवलात की वळणं संपलं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असतं, कारण आतला माणूस पडला आणि दाराला अडकला, तर आत ढकलायचं दार उघडणारच नाही. कमोडच्या बाजूची दांडी वरखाली होते, ती जिथं होती तिथं परत ठेवायची, तिला ओला टॉवेल किंवा पर्स अडकवून विसरून यायचं नाही. काही ठिकाणी मदत बोलवायला ओढायची एक लाल दोरी लोंबत असते. ती जमिनीजवळ पोचलेली असते, कारण पडलेल्या माणसाच्या हाताला ती यायला हवी. आपल्याकडे ती बघितली की कुणाला तरी गाठ मारून वर बांधायचा मोह होतोच. साफसफाईच्या मावशीही बांधतात, फडक्यात अडकते म्हणून. दिसली तर सोडवा.

आणि पाणी. यावर मी खरं तर स्वतंत्र पोस्ट लिहीन. आपल्या लोकांचा जेट स्प्रे म्हणजे रंगपंचमी. सीट ओली, फरशी ओली, दांडी ओली. आपण नाक मुरडतो आणि चवड्यांवर उभं राहून वेळ निभावून नेतो. ज्याला हाताच्या जोरावर खुर्चीतून सीटवर सरकायचंय, त्यानं काय करायचं? ओल्या दांडीवरून हात सुटतो. कुबडीचं रबर ओल्या टाइलवर सटकतं. ओल्या फरशीवरून चाकं फिरली की तेच पाणी नंतर हाताला लागतं, कारण चाकं हातानंच ढकलायची असतात. इतकं साधं आहे, पण तुम्ही कधी चाक हातानं ढकललेलं नसतं म्हणून लक्षात येत नाही. सीटवर चपला घालून उकिडवं बसणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, माझं रक्त आटतं. सीट पुसा, जेट परत हुकला लावा, तो जमिनीवर लोंबत सोडलात तर खुर्चीतून वाकून उचलता येत नाही.

आता दुसरी बाजू. त्या टॉयलेटमधून कुणी टुणटुणीत माणूस बाहेर आला की रांगेतल्या नजरा बघा. जणू चोरी पकडली. माझ्या ऑफिसातले एक सहकारी, आतड्याचं ऑपरेशन झालेले, मल जमा व्हायला पोटावर पिशवी आहे. शर्टाच्या आत काही दिसत नाही. चालतात, हसतात, जिने चढतात. ती पिशवी रिकामी करायला, बदलायला त्यांना जागा हवी, आतच पाणी हवं, सामान ठेवायला फळी हवी. साध्या टॉयलेटमध्ये हात धुवायला अर्ध्यात बाहेर यायचं? खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सरचं रुग्णालय आहे, त्यामुळे आपल्या हार्बर आणि ट्रान्सहार्बरवर असे कितीतरी रुग्ण आपल्याच शेजारी बसून जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं यादी ७ प्रकारांवरून २१ वर नेली. पार्किन्सन्स आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला, हिमोफिलिया आला. यातले कितीजण तुम्हाला लांबून ओळखता येतील? पोटावरची पिशवी तर त्या यादीत नावानं नाहीच. तेव्हा बाहेर येणाऱ्याची उलटतपासणी नको. "तुम्हाला काय झालंय?" हा प्रश्न विचारायचा परवाना कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

ज्यांना सोबत लागते त्यांचं वेगळंच. माझा नवरा ताईंना घेऊन एकटा गेला की पंचाईत, कारण बऱ्याच ठिकाणी हे टॉयलेट लेडीजच्या आत आहे. भाऊ दाराबाहेर, बहीण आत अडकलेली. ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन आलेला मुलगा, चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप, बायकोचं पार्किन्सन्स सांभाळणारे आजोबा, सगळे तिथंच घुटमळताना दिसतात. दार स्वतंत्र असेल, बाई-पुरुष असा शिक्का नसेल, तर यांची सोय होते. ट्रान्स व्यक्तींचीही होते. ही सगळी मंडळी माझ्या लेखी पाहुणी नाहीत, घरचीच आहेत. बाळाचे लंगोट बदलायची फळी मात्र कृपा करून याच खोलीत ठोकू नका असं मॉलवाल्यांना सांगावंसं वाटतं. बाळाला वेळ लागतो, त्यात आईचा दोष नाही, पण बाहेर खुर्ची खोळंबते.

राहता राहिली आपली रांग. बायकांची रांग ही काही आपण हौसेनं लावत नाही. ठाण्यात काय, वाशीत काय, नाटकाचं मध्यंतर झालं की पुरुष जाऊन, वडा खाऊन, राजकारणावर बोलून मोकळे, आणि आपण अजून तिथंच. आपल्याला वेळ जास्त लागतो आणि सीटा कमी असतात. २०११ पासून राइट टू पी या, बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्या मागणाऱ्या चळवळीच्या बायका मुंबईत हेच सांगतायत. त्यामुळे रांगेतली एखादी, पाळी चालू असलेली, गरोदर, पोटात कळ आलेली बाई त्या मोठ्या दारात शिरली तर मी तिला मनापासून "जा बाई" म्हणेन. रांग तिकडे सरकवायची नाही, एवढंच. आणि व्हीलचेअर आली की ती रांगेत नाही, ती सरळ आत. कुणी "आम्ही पण उभ्याच आहोत" म्हणालं तर उत्तर द्यायची गरज नाही, ताई त्यांच्याकडे बघून हसतात. पुरुषांना मात्र माझ्याकडून सवलत नाही. ज्यांच्याकडे रांगच नसते, ते तिथं फोनवर बोलायला, शर्ट बदलायला, लपून सिगारेट ओढायला जातात. मोठं असतं ना, ऐसपैस.

हे सगळं मी इतक्या तपशिलात का सांगतेय? कारण या गलिच्छपणाचा शेवट कुलपात होतो. इथल्याच एका मॉलमध्ये, नाव घेत नाही, तिसऱ्या मजल्यावर उत्तम टॉयलेट आहे. रुंद दार, दोन्ही दांड्या, सगळं. आणि बाहेर कुलूप. चावी सिक्युरिटीवाल्या काकांकडे, काका जेवायला. वीस मिनिटांनी चावी आली, दार उघडलं तर आत पोछे, बादल्या आणि फिनेलचा कॅन. व्यवस्थापक म्हणाले, "काय करणार मॅडम, लोक घाण करतात, म्हणून बंद ठेवतो. तुमच्यासाठीच." आमच्यासाठीच! ब्रिटनमध्ये १९८१ पासून अशा बऱ्याच टॉयलेटांना एकसारखं कुलूप असतं, पण त्याची चावी खुद्द अपंग माणसाच्या खिशात असते, देशभर एकच. कुलूप कुणाविरुद्ध आहे हे चावी कुणाच्या खिशात आहे त्यावरून कळतं. म्हणूनच मी ग्रुपवरच्या कडक मंडळींशी सहमत नाही. "फक्त त्यांच्यासाठी राखीव" असं म्हणत आपण दारावर जितका पहारा वाढवतो, तितकं ते दार ताईंच्या तोंडावर बंद होतं. दहा लोकांनी नीट वापरलेलं उघडं टॉयलेट मला चालेल. कोरं करकरीत आणि बंद नको.

कायदा काय म्हणतो? मॉल खासगी असला तरी लोक येतात-जातात म्हणून तो सार्वजनिक इमारतीत मोडतो. जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला २०१६ च्या कायद्यानं नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांमधला सुगमतेची मानकं सांगणारा नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपाचा आहे म्हणून रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले. सुगम्य भारत नावाचं अ‍ॅप आहे, फोटो काढून तक्रार टाकता येते. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त बसतात. कुलूप दिसलं तर फोटो काढा, चिडचिड फेसबुकवर वाया घालवू नका. (हो, मी काय करतेय ते मला कळतंय.)

त्या मॉलला मी मेल केला होता. उत्तर फार सभ्य आलं. तसदीबद्दल दिलगिरी, आपल्या सूचनेची दखल घेतली आहे, ग्राहकांच्या सोयीसाठी चावी आता चौकशी कक्षात ठेवली आहे. चौकशी कक्ष तळमजल्यावर आहे. दुसरा मेल लिहायला घेतलाय, त्याखाली आणखी कुणाला नाव घालायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.